मोटर कंपनीचं बारा पानी पुस्तक

चार माणसं वीस वर्षं एका खोलीत उभी राहिली की किस्से साचतात. रोज झाडून काढा, तरी कोपऱ्यात उरतातच. सांगायला मात्र समोर कोणी लागतं. आम्हा चौघांपैकी आता मी एकटा आहे. घरी ऐकायला भिंत आहे. ती मधे बोलत नाही, हे चांगलं. पण हसतही नाही! म्हणून लिहितो.

माझी शाळा मराठी तिसरीपर्यंत. पण नंदुरबारच्या छापखान्यात तीस वर्षं मी खिळे जुळवले. एका अक्षराचा एक शिशाचा खिळा. त्यावर अक्षर उलटं असतं, कागदावर सुलटं उमटतं. मला उलटं जितकं भराभर वाचता येतं तितकं सुलटं येत नाही. लोक हसतात. हसू द्या. त्यांना खिळ्यावरचं एक अक्षर ओळखता येत नाही!

बाकीचे तिघे असे. मालक आबा. मऊ माणूस, पण दिलेल्या तारखेला पक्का. इस्माईलभाई पायाने ट्रेडल मशीन चालवायचा. त्याचे वाडवडील कापड छापायचे लाकडी ठसे कोरायचे, तो हात त्याच्यातही उतरला होता. पौलस नवापूरकडच्या डोंगरातला ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत शिकलेला. तो प्रूफं तपासायचा आणि बांधणी करायचा. मला तिघेही तात्या म्हणायचे. छापखान्यात आम्ही छापील मराठी बोलायचो. रस्त्यावर पाऊल टाकलं की अहिराणी.

*

दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. आखाड लागला होता. मोटर कंपनीचे शेठ छापखान्यात आले. कंपनीची तिकिटं आमच्याकडेच छापायची. तीन गाड्या होत्या, आणि दसऱ्यापासून तापीपलीकडच्या खापर गावापर्यंत रोजची गाडी सुरू व्हायची होती. तापीवर पूल नव्हता. अलीकडे एक गाडी, पलीकडे दुसरी, मधे नाव.

शेठनी कोटातून एक गुळगुळीत पुस्तक काढलं. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचं होतं.

"असं पाहिजे. बारा पानं. आत फोटो, नकाशा, कंपनीची तारीफ. दरेक पॅसेंजरला एक देणार."

इस्माईलभाई मशीन पुसता पुसता म्हणाला, "शेठ, अपनी गाडी में दस में से नौ लोग वाचत नाहीत."

"वाचायला कोण सांगते? हातात धरायला सांगते!"

शेठ गेले. आबा दारापर्यंत पोचवून आले आणि उभ्या उभ्याच बोलले. "सुरतेच्या छापखान्याचा माणूस शेठना भेटून गेलाय. दसऱ्याच्या दिवशी हे पुस्तक त्यांच्या हातात पडलं आणि पसंत पडलं, तर तिकिटं आपल्याकडे. नाहीतर सुरतेला. तिकिटं गेली की छापखाना माझ्याच्याने चालायचा नाही. विकून टाकीन."

इस्माईलभाईच्या घरात आठ माणसं होती. पौलसला डोंगरात शेत होतं. मला काय होतं? सकाळी "तात्या, आलात का?" असं विचारणारी गावात ती एकच जागा होती.

*

मजकूर शाळेच्या हेडमास्तरांनी लिहून दिला. 'सुखकर, त्वरित व निर्धोक प्रवास' इथून सुरुवात. फोटो-नकाशाची जागा धरून अकरा पानं भरली. वाक्यं इतकी लांब की एकेक जुळवताना माझा चहा निवायचा.

आबा म्हणाले, लोकांना कळतंय का ते पाहून या. पौलस प्रूफं घेऊन मोटरस्टँडवर गेला, मीही गेलो. कोरीट गावची एक बाई मिरच्यांची रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसली होती. पौलसने तिला पहिल्या पानापासून वाचून दाखवलं. ती मन लावून ऐकत होती. मधे मधे मान हलवत होती. पौलसला हुरूप आला. त्याने कीर्तनकारासारखा हात वर करून शेवटचं पान संपवलं.

बाई म्हणाली, "भाऊ, समदं चांगलं शे. पन कोरीटले गाडी थांबस का?"

पौलसने सगळी पानं पुन्हा उलटून पाहिली. गाडी कुठे थांबते हे कुठेच नव्हतं!

शेठ म्हणाले, "ते तर सगळ्यांना माहीत आहे." आबांनी हात जोडले आणि बारावं पान थांब्यांच्या यादीला ठेवलं. यादी शेठ देणार होते. ती काही येईना. ज्या गावचा पाटील वाटेत शेठना रामराम घालायचा, ते गाव यादीत यायचं. जो तोंड फिरवायचा, त्याचं गाव बाहेर. खानदेशात पाटील थोडे नाहीत!

*

नकाशा इस्माईलभाईने सागाच्या ठोकळ्यावर कोरला. इकडे नंदुरबार, तिकडे खापर, वर सातपुडा आणि मधून तापी. नदीची रेघ त्याने लुगड्याच्या काठासारखी वळणं देऊन काढली होती.

शेठनी ठसा पाहिला. "ही काय?"

"तापी."

"काढा. नदी दिसली की पॅसेंजरला नाव दिसते. नाव दिसली की तो घाबरते, घरी बसते."

"शेठ, तापीमाय को मैं कैसे निकालूँ? वो तो सूरज की बेटी है!"

"सूरजला मी सांगतो. तू काढ."

इस्माईलभाईने पटाशी घेतली आणि नदी खरवडून टाकली.

आठ दिवसांत तापीला पूर आला. शेठ पलीकडच्या काठावर अडकले. नाव बंद, गाडी बंद. तीन दिवस धर्मशाळेत काढले. चौथ्या दिवशी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन सरळ छापखान्यात आले.

"इस्माईल, नदी परत टाक."

"शेठ, खरवडलेली रेघ लाकडावर परत येत नाही. नवा ठोकळा लागेल."

"तर नवा घे."

नव्या ठोकळ्यावर त्याने नदी रस्त्याच्या तिप्पट रुंद केली. शेठनी तो तसाच छापायला सांगितला. पुढे अडाणी माणूसही पुस्तक हातात घेतल्याबरोबर त्या पानावर बोट ठेवायचा. "हाई आपली तापी!" बाकी पुस्तकात त्याला दुसरं काही ओळखता येत नसे.

*

फोटोसाठी धुळ्याहून माणूस आणवला. स्टँडवर गाडी उभी केली. पॅसेंजर आत बसले, खिडक्या भरल्या. फोटोवाल्याने काळ्या फडक्याखाली डोकं घातलं. फडकं काढून पाहतो तर गाडी रिकामी! सगळे पॅसेंजर उतरून त्याच्या पाठीमागे उभे. तो फडक्याखाली काय पाहतो ते त्यांना पाहायचं होतं.

असं तीनदा झालं. शेवटी शेठ ओरडले, "छापखान्याची माणसं बसवा!"

आम्ही चौघे बसलो. मला पुढच्या खिडकीत बसवलं.

"तात्या, जरा हसा," शेठ म्हणाले.

"कशाला?"

"अरे, मोटरीत बसलात!"

"मोटर उभी आहे."

फोटोचा जस्ताचा ठसा, म्हणजे ब्लॉक, मुंबईहून करून रेल्वेने आला. पहिला छाप निघाला तेव्हा पौलस म्हणाला, "तात्या, तुम्ही गाडीत बसलेले दिसत नाही. पोलिसांनी बसवलेले दिसता!" आबासुद्धा हसले. मी हसलो नाही. त्यात हसण्यासारखं काय होतं?

ते पान माझ्याकडे आहे. डोळ्याजवळ धरलं तर नुसते काळे ठिपके. हात लांब करून धरलं की आम्ही चौघे.

*

प्रूफं निघायच्या आधीची एक गोष्ट राहिलीच. चौथं पान जुळवून होईतो 'ग' संपत आले. छापखाना लहान, खिळे मोजके. आणि हेडमास्तरांनी ओळीओळीत गाडी घातलेली. गाडीची गती, गाडीची गादी, गाडीचे गुण! आधीची पानं छापून खिळे मोकळे होईपर्यंत मला हात बांधून उभं राहावं लागलं असतं. दसरा कोणासाठी थांबत नाही.

मी पाचव्या पानापासून गाडी काढली आणि सगळीकडे मोटर घातली. कोणाला विचारलं नाही.

हेडमास्तर प्रूफ पाहून तावातावाने आले. "माझ्या भाषेला हात लावायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? शिकलात किती?"

"तिसरी," मी म्हणालो. "ग असते तर लावला नसता."

प्रकरण शेठपर्यंत गेलं. शेठनी चौथं आणि पाचवं पान शेजारी शेजारी ठेवून पाहिलं आणि खूश झाले. "आधी गाडी होती. मग मोटर झाली. कंपनीची प्रगती दिसते!"

*

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. ज्याच्या हातात जे हत्यार, त्याने ते धुवायचं, हळदकुंकू वाहायचं. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. माझं हत्यार म्हणजे स्टिक. डाव्या हातात धरायची ती लोखंडी पट्टी. तिच्यात खिळे लावून ओळ तयार होते. मी पहाटेच तिची पूजा केली.

दहा वाजता शेठचा माणूस बाराव्या पानाची यादी घेऊन आला! दसरा उद्यावर. अकरा पानं छापून तयार, बारावं कोरं.

आबांनी आधी मशीनकडे पाहिलं. मशीनची पूजा दरवर्षी इस्माईलभाई स्वतः करायचा, नारळही स्वतः आणायचा. त्याने हातातला झेंडूचा हार पाठीमागे लपवला. "आबा, मशीनला हार घातलाच नाही. अभी बाकी है!"

"आणि खिळे?" पौलसने विचारलं.

"खिळे हत्यार नव्हेत," आबा घाईने म्हणाले. "तो माल आहे, माल!"

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी स्टिक पाटावर फुलाखाली होती.

"तात्या, देव माफ करील," आबा म्हणाले.

"देव करील. मी करणार नाही."

"मग पान?"

"हातांची पूजा झालेली नाही. हातांनी जुळवतो."

स्टिकशिवाय ओळ जुळवणारा माणूस मी पाहिला नाही. डाव्या तळहातावर खिळे उभे करायचे, अंगठ्याने दाबून धरायचे. ओळीची लांबी चार बोटं आणि एक पेर. एकेक नाव जुळवून लाकडी ताटलीत उतरवलं. उरलेल्या फटीत कागदाच्या घड्या कोंबल्या. आबा दाराशी उभे राहून बघत होते. त्यांना बघवत नव्हतं आणि जाववतही नव्हतं.

पौलस बाकीची पानं शिवायला बसला होता. तिथूनच म्हणाला, "तात्या, प्रूफ?"

"वेळ नाही."

"बरं. यादीच आहे," तो म्हणाला.

उन्हं उतरायच्या आत पान मशीनवर चढलं. सूर्य मावळताना मशीनला हार पडला.

शेठच्या यादीत सतरा नावं होती. मी अठरा जुळवली.

*

दसऱ्याला सकाळी स्टँडवर गाडी सजवून उभी होती. आंब्याची पानं, झेंडू. पॅसेंजर बसले होते, हातात पुस्तकं धरून. शेठनी सांगितलं होतं तशी, नुसती धरून. शेठनी एक प्रत घेतली. फोटो पाहिला, मान हलवली. नकाशा पाहिला, नदीवरून भरकन पान उलटलं. मग शेवटचं पान. नावांवरून बोट खाली खाली जायला लागलं आणि एका जागी थांबलं.

"हा उंबरफाटा मी दिला नाही."

आबांचा चेहरा उतरला. छापखान्याचं काय व्हायचं ते त्या बोटाखाली होतं.

इस्माईलभाई पुढे झाला. "शेठ, मशीन पे मुझसे गलती हो गई." मशीन कधी गावाचं नाव घालतं का! पण तो म्हणाला.

पौलस म्हणाला, "प्रूफ मी वाचलं नाही. चूक माझी."

आबा म्हणाले, "मालक मी आहे. चूक माझी."

मी म्हणालो, "मी घातलं. चुकून नाही, मुद्दाम."

"का?"

"तिथे गाडी थांबली पाहिजे."

"तिथे आहे कोण?"

"कोणी नाही. एक उंबर आहे. गाव दोन कोस आत."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढली नाही. मग त्यांनी गाडीकडे पाहिलं. खिडकीखिडकीत पुस्तकं होती. ती परत कशी मागणार?

"छापलं ना?" शेठ म्हणाले. "मग आता थांबायला लागेल. कंपनीच्या पुस्तकात खोटं नाही चालत!"

इस्माईलभाई हळूच म्हणाला, "शेठ, और हेडमास्तरची अकरा पानं?"

शेठ हसले. चांगले पोट धरून हसले. ते हसले तेव्हा आबा खाली ओट्यावर बसले. तिकिटं आमच्याकडे राहिली.

परत येताना आम्ही चौघे ओळीने चाललो. कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. आपट्याची पानं मात्र तिघांनीही मला आधी दिली.

त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता विचारणारं कोणी नाही. या पुस्तकाच्या कितीतरी वर्षं आधी, मानमोडीच्या तापाच्या साथीत माझी बायको माहेरी आजारी पडली. तिला नंदुरबारच्या दवाखान्यात आणायचं म्हणून मेहुण्याने आणि मी खाट उचलून फाट्यापर्यंत आणली. उंबराखाली उभा राहिलो. सकाळपासून पाच बैलगाड्या गेल्या. तापाचं माणूस पाहून एकही थांबली नाही. दुपारनंतर मी गाड्यांना हात करणं सोडलं. गरज उरली नव्हती.

*

दिवाळी होऊन गेल्यावर पलीकडच्या गाडीचा ड्रायव्हर छगन तिकिटांचे गठ्ठे न्यायला आला. गठ्ठे बांधून तयार होते. तरी तो जाईना. टोपी काढून हातात घेतली, परत घातली.

"तात्या, तो उंबरफाटा तुम्ही छापेल शे ना?"

"हां."

"मी रोज थांबस तठे. कोनी चढत नही, कोनी उतरत नही. नुसता उंबर शे. बठेल लोके माले हासतस!"

मी खिळे जुळवत होतो. मान वर केली नाही.

"शेठ काय म्हनस?"

"छापेल शे म्हनस. थांबनं पडी."

"मंग थांब."

"थांबस ना! मी कोठे नही म्हनस? पन तठे कोनीच नही, तात्या."

इस्माईलभाईचं मशीन थांबलं. पौलसचा दाभणाचा हात थांबला. आबा कागद मोजत होते, ते मोजायचे थांबले.

"भोंगा वाजाडस का?" मी विचारलं.

"वाजाडस. एक डाव."

"दोन डाव वाजाड," मी म्हणालो. "गाव लांब शे."